दोन वाजता होल्ड

“म्याडम, मशीन नुसतं ‘फिगर थ्री, फिगर थ्री’ म्हणतंय. त्या फिगरमधी हाय काय, ते कोन सांगनार?” साताऱ्याहून दिनकरराव फोनवर विचारत होते आणि सांगलीच्या ऑफिसात मी तेच चित्र पडद्यावर उघडत होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. टेलिफोन ऑपरेटरसाठी आमच्या कंपनीने ऑनलाइन कोर्स बनवला होता, मजकूर माझा. दिनकरराव मेढ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. सुरुंगाच्या स्फोटात दृष्टी गेलेली. पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे स्क्रीन रीडरवर, ते शिकत होते. प्रॅक्टिकल पास झाले तर साखर कारखान्यात नोकरी होती. पण टेलिफोन बोर्डावरची बटणं आम्ही फक्त चित्रात दाखवली होती.

चित्राला ‘ऑल्ट’ नावाचा मजकूर जोडता येतो. चित्र दिसत नसेल तर तो मजकूर कामी येतो. तिथे आमच्या टीमने ‘फिगर थ्री’ लिहून हात झटकले होते.

“एका माणसासाठी अख्खा कोर्स उकरायचा?” ऑफिसचे सर म्हणाले.

“सर, आपल्या मॉडेमवर चित्र उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. तोवर बाकीचेही हेच वाचतील.”

सरांनी पुन्हा फाइलीत डोकं घातलं. मी तो होकार धरला.

मी लिहिलं, ‘राखाडी बोर्ड, उजवीकडे लाल बटण.’ दिनकरराव वैतागले. “लाल घिऊन मी काय करू? आन उजवीकडं म्हंजी नेमकं कुटं?”

आमचंही घर फौजेतलं. वडील सुट्टीवर आले की शेतातही घड्याळात बोलायचे. बारा वाजता म्हणजे नाकासमोर, तीन वाजता म्हणजे उजव्या हाताला. “खुरपं कुठाय?” विचारलं की “दोन वाजता, बांधावर!” आई जाम चिडायची. मी सगळी चित्रं तशीच लिहून काढली. मधोमध आकडे. दोन वाजता होल्ड. चार वाजता ट्रान्सफर.

“आत्ता कसं!” दिनकरराव फोनवर ओरडलेच. “बोट बरूबर जातंय बगा.”

प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. परीक्षकांनी कॉल मुद्दाम आमच्याच ऑफिसला जोडायला सांगितला होता.

“सायेब, साताऱ्यासनं परीक्षक बोलत्यात. जोडतो.”

रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू आलेल्या दिनकररावांच्या त्या कडक आवाजाने सर चक्क खुर्चीतून उठून उभे राहिले. मला हसू आलं आणि डोळेही भरले. दिनकररावांना नोकरी लागली. त्या चार-चार शब्दांच्या ओळींइतका अभिमान मला माझ्या दुसऱ्या कुठल्याच लिखाणाचा नाही.

पुढे ऑल्ट नसलेलं पान सर स्वतःच परत पाठवायला लागले. मी नव्या पोरींना एवढंच सांगायची, चित्राचं वर्णन लिहिण्याआधी विचारा, ऐकणारा ते ऐकून करणार काय?