विहिरीतली लाल दवा

आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीतली टाकी पोरांनी काल धुतली आणि तिच्यात पाणी शुद्ध करायची लाल दवा टाकली. नळातून फिक्कट गुलाबी पाणी आलं, तशी मी थेट इथे मध्यभारत राज्य होतं त्या दिवसांत, आमच्या गल्लीतल्या विहिरीवर जाऊन उभी राहिले.

तेव्हा हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू होती. समोरच्या घरातली सून आदल्याच दिवशी गेली होती. सासूबाईंच्या महिला मंडळानं दवाखान्यातून लाल दवा आणली आणि विहिरीत ती मी, नव्या सुनेनं, सोडली. बायका घागरी घेऊन भोवती उभ्या होत्या, पण पोहरा कोणी सोडेना.

"ये पानी अब न पूजा का रहा, न पीने का," शेजारची कमला म्हणाली. "हम तो नदी से ही लाएँगे."

नदीचंच पाणी तर माणसं मारत होतं.

सासूबाई कडक सोवळ्याच्या. त्यांनी स्वतः पोहरा ओढला आणि काठावरच्या महादेवावर ती गुलाबी धार धरली. सगळी गल्ली बघत होती. उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन त्या प्यायल्या.

"भोलेनाथ को चल गया, मेरे को भी चल गया. अब भरो!"

कमलानं घागर पुढे केली.

सासूबाईंना भीती कशी ती ठाऊकच नव्हती, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाहूनही मोठी झाले, तर नंतरचंच जास्त आठवतं. घरात शिरताच त्यांनी दार लोटलं आणि माझं मनगट धरलं. हलक्या आवाजात विचारलं,

"सूनबाई, दवा बेतानंच टाकली होतीस ना गं?"