कामावर एक, खोलीत दुसरी

बाप गेल्यावर त्याच्या जागी मी खाणीत लागले, ते माहेरच्या नावाने. पुढे लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं. आमच्याकडे तेव्हा तशी रीत होती. नवरा दिघोरीकडे धानाची शेती करायचा आणि मी मँगनीजचे दगड फोडून निवडायची. खाण लहान, खासगी मालकाची, आता बंद पडली आहे. खोली माझ्या नोकरीवर मिळाली होती. तिच्यात मी, दोन लेकरं आणि सासू राहायचो.

खोलीची किल्ली आणायला सासू गेली होती, कारण मी कामावर होते. बाबूने माझं नाव विचारलं, तिने सासरचं सांगितलं. बरीच वर्षं कोणाचं काही अडलं नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि अडलं. नागपूरच्या ऑपरेटरने त्यात दोन तक्ते भरले, एक कामगारांचा आणि एक खोल्यांचा, आणि दोन्ही नावावरून जोडले. त्यात माझ्या एकटीच्या दोन बायका झाल्या. एक काम करते, तिला खोली नाही. दुसरी खोलीत राहते, तिला काम नाही. या दुसरीला खोली खाली करायची नोटीस आली.

सासूला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. “मी दुसरं नाव काहून सांगू? आमच्या घरी तुयं नाव तेच आहे!”

दुसऱ्या दिवशी दगड फोडणं अर्धं टाकून ऑफिसात गेले. मोठे बाबू म्हणाले, “कामाच्या तक्त्यात सासरचं नाव टाकून देऊ, बाई. पाच मिनिटाचं काम.”

ऑपरेटर पोरगा खरं बोलला. “मग नोकरी आजपासून धरली जाईल. नवीन नाव, नवीन माणूस.”

“मंग इतके वर्षं गोटे कोणं फोडले? माह्या सासूनं?”

“खोलीतलं नाव बदलू,” बाबू म्हणाले, “पण मग खोली नव्याने मागावी लागंल. तुमच्यापुढं रांग आहे.”

“मी एकही नाव बदलत नाही. तुमची मशीन बदला.”

ऑपरेटर हळूच म्हणाला की नावावरून जोडलं हीच चूक झाली. प्रत्येकाच्या पितळी बिल्ल्यावर नंबर आहे, तो दोन्ही तक्त्यांत पाहिजे. पण त्यासाठी खोलीखोलीत जाऊन बिल्ले पाहावे लागतील.

“एवढा टाइम कोणाजवळ आहे?” बाबू म्हणाले.

“माह्याजवळ आहे,” म्हणून मी कॉम्प्युटरच्या थंड खोलीत शिरले आणि मशीनला लागून खाली बसले.

त्या खोलीत साहेबसुद्धा चपला काढून जायचे, कारण धूळ मशीनला चालत नव्हती. माझं लुगडं, हात, केस, सगळं मँगनीजने काळं होतं. ऑपरेटर ओरडला, “बाई, हलू नका! झटकू नका!”

“नाही झटकत. पण उठतही नाही.”

बाबूंनी आधी दम दिला, मग चहा मागवला. चहा मी प्याले आणि बसून राहिले. शेवटी त्यांनी ऑपरेटरला बिल्ले पाहायला पाठवलं. त्याला माझ्यासारख्या आणखी बायका सापडल्या. काहींना अजून नोटीस मिळायची होती.

नंबरावरून तक्ते जुळले आणि खोली माझ्याकडे राहिली. मग बाबूंनी सहीसाठी एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, ‘माझ्या चुकीमुळे झालेला घोटाळा दुरुस्त केला.’ चौथी शिकलेल्या बाईला एवढं वाचता येतं. मी पहिले दोन शब्द खोडले आणि सही केली.

“हे काय केलं?” बाबू म्हणाले.

“दुरुस्ती,” म्हटलं, आणि कामावर गेले.