तिसऱ्या जागेवर

माझा नवरा हिवाळ्यात गेला. वसंतात क्लबच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, तेव्हा त्याची जागा कुणाला द्यायची हे ठरायचं होतं. मी ती मागितली. तोवर मी क्लबमध्ये कधीच काही मागितलं नव्हतं.

आमची होडी लांब आणि अरुंद. सहा जण एकामागे एक बसतात. ती कलंडू नये म्हणून डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांवर एक तरंगता ओंडका बांधलेला असतो. कोकणात त्याला उलांडी म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं. मी पुण्याची, मला होडीतलं काहीच कळत नव्हतं. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या माणसाचं वल्हं एका बाजूला, उरलेल्यांचं दुसऱ्या. ठरलेले फटके झाले की तिसरा माणूस ‘हट’ म्हणून ओरडतो आणि सगळे एकदम बाजू बदलतात. हात भरून आले तरी त्या हाकेशिवाय कुणी बदलायचं नाही.

तिसऱ्या जागेवर तो बसायचा, चौथ्या जागेवर मी. फटके तो मराठीत मोजायचा, पुटपुटत.

“अगं, वल्हं मार,” मान न वळवता म्हणायचा, “पान उलटल्यासारखं काय करतेस?”

“तू माझ्या तोंडावर पाणी उडवणं थांबव आधी.”

घरी आम्ही दोघंही कमी बोलायचो. होडीत मात्र त्याच्या पाठीशी माझं पुष्कळ बोलणं झालं.

सहाव्या जागेवरून होडी वळवते ती आमची कप्तान, साठीची डच बाई. पूर्वी शाळेत व्यायाम शिकवायची.

“तुझा आवाज लायब्ररीतला आहे,” मी जागा मागितली तेव्हा ती म्हणाली. “शर्यतीत शेजारच्या होड्याही ओरडत असतात.”

“ओरडेन मी.”

“बरं. उन्हाळ्यातल्या शर्यतीपर्यंत जागा तुझी. तिथं जमलं तर पुढेही तुझीच.”

मला ती का हवी होती हे मी तिला सांगितलं नाही. त्याचं कपाट आवरून झालं होतं. ऑफिसनं लॅपटॉप परत नेला होता. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत जाऊन त्याच्या नावाचे सगळे कागद मी पुरे केले होते. त्याची म्हणून उरलेली आणि मला बसता येईल अशी ती एकच जागा होती.

सरावात जमत गेलं. कापेलच्या घरून सरावाच्या तळ्याकडे सायकलनं जाताना पुलाखाली मी ओरडून बघायचे. मुलगी मागून येत असली की म्हणायची, “आई, प्लीज, नॉट हिअर!”

शर्यत लायडनच्या बाजूला होती. आभाळ भरलेलं, वारा समोरून. सरळ पाचशे मीटर, शेजारी तीन होड्या. झेंडा पडला. पहिली हाक मी वेळेवर दिली, सहाही वल्ही एकदम फिरली, आणि आम्ही दुसऱ्या होडीच्या बरोबरीला आलो.

मग मी पुन्हा मोजू लागले. अकरा, बारा, तेरा. चौदाला हाक द्यायची. मी वाट बघत राहिले. वल्हं चालू होतं, मोजणंही चालू होतं, आणि मी पुढून येणारी हाक ऐकायला थांबले होते. सोळा. सतरा. पुढची पाठ दुसऱ्याच कुणाची होती. कुणीही बाजू बदलली नाही. ते माझी वाट बघत होते आणि मी त्याची.

शेवटी मागून कप्तान ओरडली. वाऱ्यात ते मागच्यांनाच ऐकू गेलं. त्यांनी बाजू बदलली, पुढच्यांनी नाही. उलांडी पाण्यातून वर उचलली गेली. आम्ही उलटलो नाही, पण होडी थबकली, आणि तिन्ही होड्या पुढे निघून गेल्या.

काठावर मुलीनं डचमध्ये विचारलं, “ओरडली का नाहीस?”

“विसरले,” मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं.

पुढच्या सरावाला कप्तान माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी मीच म्हटलं, “जागेचं आपलं ठरलं होतं.”

“हो.” तिनं काठावरची वल्ही गोळा करायला घेतली. “पुढच्या वर्षी पुन्हा बघू.”

“नको.”

तिसऱ्या जागेवर आता एक तरुण नर्स बसते. मी परत चौथ्या जागेवर गेले. तिचा आवाज खणखणीत आहे, वाऱ्यातही सगळ्यांपर्यंत पोचतो. पहिल्याच दिवशी तिनं हाक दिली आणि माझे हात आपसूक बाजू बदलून गेले. पूर्ण सरावात ते एकदाही चुकले नाहीत. “बघ, किती छान!” असं म्हणून कप्ताननं माझी पाठ थोपटली.

दुसऱ्याच कुणाच्या हाकेवर माझे हात एकदाही चुकले नाहीत, घरी येताना मला त्याचंच वाईट वाटत होतं.