खिडकीजवळचा घट

"बिलकुल चूक!" आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर बोलायला लागले की सुरुवात हीच. हेडमास्तर हवा छान आहे म्हणाले, तरी हेच. वाटूरला ते विज्ञान शिकवत, मी मराठी. ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. तेव्हा मी त्या वाक्याला हसायचो. आता हसवत नाही.

दरवर्षी ते एका खोक्याला बाजूनं भोक पाडत आणि आत गव्हाचे कोंब ठेवत. कोंब भोकाकडे वाकले की पोरांपेक्षा तेच जास्त खूश. "शेंड्याला उजेड कळतो. मंग तिथलं संप्रेरक सावलीच्या बाजूनं खाली उतरतं, ती बाजू जास्त वाढती अन् रोप वाकतं. बराबर?" तुम्ही मान हलवल्याशिवाय सुटका नसे.

नवरात्रात तर त्यांना चेवच येई. घटाचं धान देवघराच्या अंधारात पिवळंधमक, उंच वाढतं आणि आपल्याकडे तेच शुभ. "अहो, ते उजेड हुडकून राह्यलंय, म्हणून लांबलंय!" त्यावर त्यांची बायको, आमच्या वहिनी, हसून म्हणत, "तुमची शाळा उंबऱ्याबाहेर ठेवा."

त्या वर्षी वहिनींना पोटाचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्या फार घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "धान चांगलं आलं तर दसऱ्यानंतर जाऊ औरंगाबादला." त्यांना उठवत नव्हतं, म्हणून घट मास्तरांनीच बसवला, तोही खिडकीजवळ. बसवलेला घट मधे हलवत नाहीत. मला म्हणाले, "आजारी माणसासमोर आजारी रोप कशाला?" मलाही ते पटलं, हे कबूल करतो.

दसऱ्याला वहिनी भिंत धरत घटापाशी आल्या. धान बोटभर, हिरवंगार, सगळं खिडकीकडे कललेलं. "देवी न्हाई म्हणती," एवढंच बोलल्या. मास्तरांनी समजावलं, शाळेतलं खोकं आणून दाखवलं, शेवटी हात जोडले. "तुमचं खरं असंल," त्या म्हणाल्या, "पर मला भ्याव वाटतं." त्या औरंगाबादला गेल्या नाहीत. संक्रांतीच्या आत वारल्या.

पुढच्या वर्षी मास्तरांनी बदली मागून घेतली. जाण्याआधी विज्ञानाचं पुस्तक कोंबांच्या धड्यावर उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "हा धडा तुम्ही घ्या." मी जमेल तसा घेतला. एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, मंग घट उजेडात ठेवला तर रोप चांगलं येतं का?"

मास्तर दारात उभे होते.

"येतं, बाई. रोप चांगलं येतं," ते म्हणाले आणि तोंड फिरवून निघून गेले.