तोंडावर बोट ठेवणारे साडू

आमच्या घरात लिहिलेला कागद यायचा तो किराणा बांधूनच. आई लोकांच्या रानात निंदायला, वडील वीटभट्टीवर. त्या घरातून मी बी.कॉम. झालो, हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. पण कागदावर खरी माया करणारा माणूस भेटला तो लग्नानंतर: माझे थोरले साडू. पालमच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ, यमराज दारात आला तर त्यालाही ‘न्यायची पद्धत’ लिहून देईल आणि तो कुठं अडतो ते बघत बसेल.

त्यांच्या घरात पाण्याच्या मोटारीच्या बटणापासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याला चिठ्ठी. लिहिणं एक वेळ ठीक, पण ते चिठ्ठीची परीक्षा घेत. नवखा माणूस आला की त्याच्या हाती कागद द्यायचा, कागदाबाहेर काही करायचं नाही अशी अट घालायची, आणि आपण तोंडावर बोट ठेवून समोर बसायचं. त्यांचे स्वतःचे नवे जावई पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना चहाचा कागद मिळाला. त्यात पाणी, साखर, पत्ती सगळं होतं. गॅस पेटवायचा राहिला होता. जावई बिचारे गार पातेल्याकडं बघत उभे. मेहुणीबाई कळवळल्या, “अवो, पेटवा म्हणा की त्यान्ला!”

“मी बोललो तर कागदाची चूक कशी घावंल?” असं म्हणून साडूंनी बोट परत जागेवर ठेवलं.

ताडकळसला आमचा ज्वारीच्या पोह्यांचा चिवडा. स्टार्टअप म्हणा. मी आणि बायको एवढ्यावर सुरू झालेला धंदा वाढला, कामाला बाया आल्या, पण चव सगळी बायकोच्या हातात. ती दुपारी आडवी झाली की हाक आलीच, “वैनी, तेल बघायला या!” तिला दिवस गेले आणि मला धास्ती बसली. ती माहेरी गेली की चिवडा बिघडणार, आणि शहरातली गिऱ्हाइकं एकदा तुटली की परत येत नाहीत. ती म्हणाली, “मग काय, कढईजवळच बाळंत होते!”

शेवटी साडूंना बोलावलं. ते तिच्या शेजारी बसून तिचं सगळं लिहीत राहिले आणि मग कागद माझ्या हातात दिला.

“मला कशाला? मी ग्रॅज्युएट माणूस.”

“म्हणूनच. तुमाला कढईतलं कायबी येत न्हाई.”

कागदात होतं, ‘लसूण लाल होऊ द्या.’ मी होऊ दिला. अख्खा घाणा कडू. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आता आपला उद्धार होणार, असं मला वाटलं. पण साडूंनी कागदावरच काट मारली. “पाहुणे, तुमी पास. कागद नापास.” मग बायकोला विचारलं, “लाल म्हंजी किती लाल?” ती पहिल्यांदाच विचारात पडली. “रंग कुठं बघते मी, दाजी? तडतड कमी व्हायलीय असं ऐकू आलं की काढते.” त्यांनी तेच लिहिलं. जो अडेल त्यानंच कागद दुरुस्त करायचा, हा नियमही घालून गेले.

साडू आता लातूरला मुलाकडं असतात, क्वचितच येतात. मागे आले तेव्हा आमच्या लेकीला मांडीवर घेऊन त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला. बायांनी दुरुस्त करून करून तो पार बदलला होता. “यात माझं एकबी वाक्य ऱ्हायलं न्हाई,” ते हळूच म्हणाले, आणि तोंडावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसले.

लेक तीन महिन्यांची होईपर्यंत तिच्या आईनं कढई पाहिली नव्हती. चिवड्याची चव एक दिवसही बदलली नाही.