शेजारीण विरजण परत करून गेली

बडोद्यातल्या मैत्रिणींनो, आज फार थकल्यासारखं झालंय, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी एका अनोळखी नंबरवरून मला मेसेज आला. शेजारच्या वैशालीचा फोटो आणि खाली ‘ये औरत चोर है.’ खालच्या हंसाबेनना, वरच्या जोशीकाकूंना, सगळ्यांनाच आला. तिच्या नवऱ्याची वाघोडियातली कंपनी पगार लांबवतेय, म्हणून तिने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवरून कर्ज घेतलं होतं. हप्ता चुकला, आणि त्या ॲपवाल्या मेल्यांनी तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर तिची अब्रू काढली.

मी ठरवलं, काही बघितलंच नाही असं वागायचं. उगाच तिला लाज वाटायला नको. हंसाबेन, जोशीकाकू, सगळ्यांनीच तसंच ठरवलं.

दुपारी ती दारात. हातात माझं ढोकळ्याचं भांडं, दोन डबे आणि वाटीभर दही. परवा माझ्याकडून विरजणाला चमचाभर दही नेलं होतं ना, त्याचं!

"अगं, विरजण कोणी परत करतं का?"

"असू दे ताई. कोणाचं काही घेऊन ठेवलंय असं नको आता."

चहालासुद्धा थांबली नाही.

संध्याकाळी मीच वाटी घेऊन तिच्याकडे विरजण मागायला गेले. आत टीव्ही चालू होता. बेल वाजवली तशी तो बंद झाला. मी हाक मारली, तरी दार उघडलं नाही.

आज अख्खी सोसायटी तिच्या अब्रूसाठी गप्प बसली. सांगा ना, दारामागे तिला ते गप्प बसणं कसं ऐकू आलं असेल?