अकरा कवळ्यांची साक्ष

दातवाला आणि व्हिसाताई यांची पहिली भेट झाली तेव्हा झेरॉक्सच्या दुकानातली तिन्ही यंत्रं आपोआप थांबली, छताचा पंखा अर्ध्या फेरीत अडकला आणि रांगेतल्या एका आजोबांनी घाबरून भिंत धरली, असं लोक अजून सांगतात. यातलं खरं इतकंच, की त्या क्षणी वीज गेली. दातवाल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून, मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून व्हिसाताईच्या तोंडात बघत होता.

व्हिसाताई म्हणजे त्याच दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणारी तिशीतली बाई. तिच्याकडे येणारे लोक पासपोर्ट पुढे करतात. या माणसाने थेट मानच पुढे केली होती.

“बोला काका, काय हवंय?”

“वरचा डावा सुळा,” दातवाला म्हणाला. “तुमचा स्वतःचा आहे?”

नऊ वर्षांत लोकांनी तिला काय काय विचारलं होतं. सासूला नेता येईल का, सासूला इथेच ठेवता येईल का, व्हिसा नक्की मिळेल का. सुळ्याची चौकशी पहिल्यांदाच होत होती.

“माझाच आहे. का?”

“काही नाही. जपा त्याला. असा सुळा मला वीस वर्षांत एकदाही साधला नाही.” मग एकदम आठवल्यासारखा तो म्हणाला, “आणि हो, मला युरोपात जायचंय.”

दातवाला हा दात बनवणारा माणूस. डेंटिस्ट नव्हे. डेंटिस्ट पुढच्या एसीच्या खोलीत बसतो, तोंड उघडायला सांगतो आणि मेणाचा ठसा घेतो. तो ठसा मागच्या दाराने ज्या आठ बाय दहाच्या खोलीत जातो, तिथे दातवाला बसतो. खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप दिसतो. घासायच्या मोटरची पांढरी धूळ भुवयांवर बसून बसून चव्वेचाळिसाव्या वर्षीच तो सत्तरीचा दिसायचा. “बरं झालं,” बायको म्हणायची, “तुमचं म्हातारपण मी आधीच बघून घेतलं. आता पुढे काही धक्का बसायचा नाही.”

माणसाला भेटला की तो माणसाला भेटतच नसे, दातांना भेटायचा. सख्ख्या मावसभावाला त्याने एका लग्नात तासभर ओळखलं नव्हतं; भावाने जांभई दिली आणि हा गळ्यात पडला. खोलीच्या तिन्ही भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे शेकडो जबडे आ वासून बसलेले असत. अख्खी वस्ती त्याच्या खोलीत तोंड उघडून होती, आणि बाहेर मात्र त्याबद्दल कोणी तोंड उघडत नसे.

आता या माणसाच्या डोक्यात युरोप कुठून शिरला? तर मोबाइलवर जगभरच्या दात बनवणाऱ्यांचा एक गट होता. हे लोक एकमेकांना आपापल्या दाढांचे फोटो पाठवतात आणि खूश होतात. दातवाल्याने एके दिवशी वरच्या सहा दातांचा एक संच तिथे टाकला. दोन तासांत एका थंड युरोपीय देशातल्या कारखान्याच्या मालकाचा निरोप आला: हे हाताने केलंस? आमच्याकडे असे हात उरले नाहीत. येतोस?

दातवाला तो निरोप घेऊन घरी पळत आला. चपला क्लिनिकमध्येच राहिल्या.

सुळ्याच्या चौकशीच्या दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन पुन्हा व्हिसाताईपुढे हजर झाला. बायको हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. दिवसभरात दोनशे लोकांना “थांबा” म्हणायची सवय असल्यामुळे तिला कोणी थांबवू शकत नाही.

“हे बघा,” व्हिसाताईने चार बोटं वर केली. “चार रस्ते आहेत. पहिला, डिग्रीचा.”

“बारावी,” बायको म्हणाली. “पुढचं काम मामाकडे शिकले. मामाकडे डिग्री नव्हती, छडी होती.”

व्हिसाताईने एक बोट मिटलं. “दुसरा, गुण मोजून. वयाचे गुण, भाषेचे गुण. तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. पण चाळिशीनंतर वयाचे गुण शून्य.”

“आणि भाषेचे?”

“तिथली भाषा येते का काकांना?”

“इथलीसुद्धा अधूनमधून येते,” बायको म्हणाली. दुसरं बोट मिटलं.

“तिसरा, हंगामी कामाचा. फळं तोडायची.”

“यांना झाडावर चढवताय? पंखा पुसताना हे स्टुलावर आणि मी स्टूल धरून. तिथे झाड कोण धरणार?”

“मग राहिला चौथा,” व्हिसाताई हसत म्हणाली. दातवाल्याने लगेच तिच्या सुळ्याकडे एक नजर टाकली. “मालकाचा करार आणि त्याच कामातला पाच वर्षांचा अनुभव. डिग्री नसली तरी चालते. पण अनुभव कागदावर लागतो. ज्याच्यासाठी काम केलं, त्याने सहीनिशी लिहून द्यायचं.”

“वीस वर्षं आहेत माझी!” दातवाला उभाच राहिला. “पाच कसली, चारदा जाऊन येईन!”

आधी मालकाची मुलाखत. त्यासाठी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर रोज संध्याकाळी येऊन इंग्रजी घोटून घेऊ लागले. हेडमास्तर म्हणजे वस्तीतलं आरोग्याचं व्यासपीठ. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत कोणताही कार्यक्रम असो, ते उभे राहत आणि दोन ओळी शुभ्र दात दाखवून सांगत, “मुलांनो, बत्तीसच्या बत्तीस माझे आहेत. रोज दोनदा घासा.” हेच हेडमास्तर वर्षातून दोनदा रुमाल तोंडावर धरून मागच्या दाराने दातवाल्याच्या खोलीत येत, खिशातून एक वरची कवळी काढून टेबलावर ठेवत आणि रुमालातूनच म्हणत, “एका मित्राची आहे. त्याला जरा टोचते.” मग ती घासून होईपर्यंत तिथेच बसत. मित्राला घाई असायची ना.

दातवाल्याने अकरा वर्षांत कधी विचारलं नाही. उलट दर वेळी म्हणायचा, “तुमच्या मित्राला सांगा, गरम पाण्यात बुडवू नका म्हणावं.”

मुलाखतीच्या दिवशी बायकोचा फोन एका प्लास्टरच्या जबड्याला टेकवून उभा केला. दातवाल्याची तीन मिनिटांची उत्तरं तोंडपाठ होती. पडद्यावर तांबूस दाढीचा मालक आला, छान हसला आणि त्याने विचारलं, “आमच्याकडे का यावंसं वाटतं?”

मालकाने हसायला नको होतं. दातवाल्याची तीन मिनिटं जागीच पुसली गेली. तो फोनवर वाकला. एक डोळा बारीक झाला.

“वरचा डावा, मधून दुसरा,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. “कोणी केला?”

फोनमागे उभ्या असलेल्या बायकोने कपाळावर हात मारला.

“मी,” मालक म्हणाला. “माझा मीच केला.”

“छान आहे. पण हिरडीकडे थोडा लांब झाला. तिथे घास अडकत असेल.”

मालकाची जीभ गालाच्या आत गेली, वर गेली, एका जागी थांबली. बायको खुणा करत होती की आता तरी गप्प बसा.

“चार वर्षं अडकतोय,” मालक हळूच म्हणाला. “इथे कोणी बोललं नाही.”

आठवड्याने करार आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की महिनाअखेरपर्यंत व्हिसाचा अर्ज गेला नाही तर करार रद्द समजावा. दातवाल्याने तो करार बायकोला वाचून दाखवला, हेडमास्तरांना दाखवला, मग फळीवरच्या जबड्यांना दाखवला. हातात फक्त एक कागद यायचा बाकी होता: पाच वर्षांच्या अनुभवाचा.

तो पुढच्या एसीच्या खोलीतल्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने पंधरा मिनिटं अभिनंदन केलं आणि सोळाव्या मिनिटाला मान हलवली.

“लिहून देणं जरा अवघड आहे रे. पेशंटना वाटतं, दात मीच करतो.”

“पण डॉक्टर, करतो मी.”

“ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे. तिसऱ्याला कशाला?”

पगारपत्रक नव्हतं, नेमणुकीचं पत्र नव्हतं. वीस वर्षं माणूस मागच्या दाराने आला आणि मागच्या दाराने गेला. व्हिसाताईने पेन खाली ठेवलं. “डॉक्टर नाही म्हणतात तर ज्यांना दात करून दिले त्यांच्याकडून आणा. दहा-अकरा सह्या तरी लागतील. नाहीतर अर्ज परत येईल.”

“हात्तिच्या! एवढंच ना?” दातवाला उड्या मारत निघाला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा उड्या संपल्या होत्या. त्याने सगळ्यांपुढे अक्षरशः दाताच्या कण्या केल्या होत्या. किराणावाल्या मावशींनी काउंटरवरचं वजन उचललं होतं. “कवळी? मला? अरे, माझे दात बघून लोक माझ्याकडून मंजन नेतात. दुकान बुडवतोस काय माझं?” निवृत्त कंडक्टरने दार उघडलंच नाही, आतून फक्त शिट्टी वाजवली. बाकीच्यांनी शपथा घेतल्या. एकाने तर अक्रोड आणून समोर फोडून दाखवला आणि मग गालाला हात लावून बराच वेळ आत जाऊन बसला.

“चूक माझीच,” दातवाला बायकोला म्हणाला. “इतके खरे दात करायला नको होते.”

“जेवा आधी,” बायको म्हणाली. ताट वाढून ती सरळ वरच्या मजल्यावर गेली. हेडमास्तर पेपर वाचत होते.

“सर, एक काम होतं. तुमचे ते मित्र आहेत ना, कवळीवाले? त्यांना जरा विचाराल का, यांच्यासाठी एक सही देतील का म्हणून?”

हेडमास्तरांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“माझा मित्र जरा भित्रा आहे,” ते म्हणाले.

“असू दे. फार नाही, चार दिवस उरलेत एवढंच सांगा त्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला, ऐन गर्दीच्या वेळी, हेडमास्तर कोट घालून झेरॉक्सच्या दुकानात आले. रांगेत उभे राहिले. पुढे दाखल्यांच्या प्रती काढणारी सहा माणसं होती, त्यांतली चार त्यांचेच विद्यार्थी. नंबर आला. दातवाला कोपऱ्यात व्हिसाताईच्या टेबलाशी मान खाली घालून बसला होता. हेडमास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हणाले, “माझा मित्र आलाय.”

आणि त्यांनी वरची कवळी काढून झेरॉक्सच्या काचेवर ठेवली.

दुकानदार आधी भानावर आला. “सर! काच!”

“पुसून घे,” हेडमास्तर म्हणाले. दातांशिवाय शब्दांना वारा लागत होता, पण दरारा तोच होता. “उताणी ठेव. टाळूच्या बाजूला काय कोरलंय ते वाच.”

दुकानदाराने भिंग लावलं. प्रत्येक कवळीच्या आत, जिथे जीभही जात नाही, तिथे दातवाला सुईने आपल्या नावाचं पहिलं अक्षर, अनुक्रम आणि साल कोरत असे. प्लास्टरच्या जबड्याशी जोडी लावायला सोपं जातं म्हणून. झाकण बंद होईना, म्हणून वरून एक टॉवेल टाकला. काचेखालून हिरवा उजेड सरकला आणि कागदावर काळाकभिन्न नाल उमटला, मध्ये स्वच्छ आकडा: चारशे बारा.

“या माणसाने केलेत हे दात,” हेडमास्तर सही करत म्हणाले. “अकरा वर्षं वापरतोय. लिहा: उत्तम.”

“सर, बत्तीसच्या बत्तीस...?” रांगेतला एक माजी विद्यार्थी पुटपुटला.

“घासत होतास का तू रोज?”

“हो सर.”

“मग भाषण फुकट गेलं नाही.”

बातमी दुकानातून बाहेर पडायला तीन मिनिटंही लागली नाहीत. कंडक्टर आला, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि खांद्यावरून हात मागे करून म्हणाला, “घ्या. पण कोणी बघायचं नाही.” किराणावाल्या मावशी आल्या त्या भांडतच: “सरांनी काढले म्हणून काढते, नाहीतर नसते काढले!” दुपारपर्यंत दुकानात अशी धमाल उडाली की ज्यांना फक्त दाखल्याची प्रत हवी होती तेही थांबून राहिले. बोळक्या तोंडाने माणसं एकमेकांना हसत होती. वर्षानुवर्षं शेजारी राहणाऱ्या दोघांना कळलं की आपण एकाच आठवड्यात ठसा दिला होता. त्यांनी हात मिळवले. दातवाला या काचेपासून त्या टेबलापर्यंत नाचत होता. “जपून! मिसळू नका! चारशे चाळीस कोणाचा? मावशी, तो तुमचा नाही, तो कंडक्टरचा आहे, तोंडात घालू नका!”

संध्याकाळी अकरा कागद झाले. दुकानाचं शटर अर्धं खाली आल्यावर त्याखालून वाकून एक माणूस आत आला. डॉक्टर.

“बारावा घे,” तो म्हणाला आणि त्याने लेटरहेडवर वीस वर्षं लिहिली, सही केली, शिक्का मारला. जाताना दातवाल्याच्या कानाशी आला. “माझ्या त्या मागच्या दोन दाढा मात्र यात नकोत हं.”

“डॉक्टर, त्यांच्यावर नंबरच घातला नाही मी,” दातवाला म्हणाला. “मला माहीत होतं.”

हे बाराही कागद एका जाड लखोट्यात घालून व्हिसाताईने तो डिंकाने बंद केला, वर मोठ्या अक्षरांत “अनुभवाचा पुरावा” असं लिहिलं आणि मुदतीच्या एक दिवस आधी अर्ज गेला. त्या दिवशी दातवाल्याने आणि बायकोने घरी येऊन स्वेटर घालून पाहिले. भर उन्हाळ्यात, दोघांनी, अर्धा तास.

सव्वातीन महिन्यांनी व्हिसा आला. सोबत चार ओळींचं पत्र होतं: त्याचा व्यवसाय त्या महिन्यात कामगारांच्या टंचाईच्या यादीत गेल्यामुळे अर्ज केवळ मालकाच्या करारावर मंजूर केला आहे, अनुभवाचे कागद बघावे लागले नाहीत, ते परत पाठवत आहोत. लखोटा फोडलेला नव्हता.